तांबं देवाला, माशाला दगड

मन्या,

पुण्याच्या फ्लॅटमध्ये काचेची टाकी आणि कोकणातल्या घराच्या परसात तळं, असा दुहेरी बेत तू केला आहेस. मासे कोणते घ्यावेत हे सांगणारे तुला दुकानात, सोसायटीत, नातलगांत पुष्कळ भेटतील. पाण्यात काय उतरू द्यायचं नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. बुडावं म्हणून घातलेलं वजन, बांधायला वापरलेली तार, वरून घातलेली जाळी, कडेला ठिबकणारा पत्रा यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि मासे गेले की दोष खाद्याला दिला जातो. आमच्या पिढीनं तांबं, पितळ, जस्त, जर्मन, बीड, स्टील हे सगळं घरात वापरलं. कुठला धातू कुठल्या पाण्याशी कसा वागतो, हे आम्ही घासता-पुसताना पाहिलं. तेवढंच तुझ्या कानात सांगते.

१. आपल्याला चालतं ते माशाला चालेलच असं नाही

गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. ते त्याच्या कल्ल्यांवरून चोवीस तास वाहत असतं. आपण पाणी पितो ते पोटात जातं, तिथून यकृत निवडटिपण करतं. माशाच्या कल्ल्याला अशी मधली चाळणी नाही. पाण्यातून मीठ आणि कॅल्शियम आत ओढण्याचं काम कल्लेच करतात. तांबं त्यातली मिठाची वाट अडवतं, जस्त कॅल्शियमची.

आकडे बघ. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरला ५ मिलिग्रॅम जस्त चालतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं जलचरांसाठी, अगदी थोड्या वेळापुरती म्हणून जी मर्यादा घातली आहे, ती मध्यम जड पाण्यात जस्ताला साधारण ०.१२ मिलिग्रॅम आणि तांब्याला ०.०१३ मिलिग्रॅम. म्हणजे जस्ताच्या बाबतीत माणसाची मर्यादा माशाच्या चाळीसपट. तेव्हा ‘आम्ही हेच पाणी पितो’ हा दाखला माशांच्या बाबतीत कुणी दिला, तर ऐकून सोडून दे.

२. आधी पाणी ओळख, मग धातूकडे बघ

ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तपेल्याला पांढरा थर धरतो, ते जड पाणी. त्यातलं कॅल्शियम कल्ल्यावर आपली जागा धरून बसतं आणि धातूला आत शिरणं अवघड जातं. शिवाय त्यातल्या क्षारांनी धातूवर एक पापुद्रा चढतो, त्यानं विरघळणं मंदावतं. सौम्य पाण्यात या दोन्ही गोष्टी नाहीत, आणि ते थोडं आंबट असेल तर धातू भराभर सुटतो.

गावच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा सौम्य आणि आंबटाकडे झुकणारं. पुण्यात नळाला येणारं धरणाचं पाणी तसं सौम्यच, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअर सुरू झाली की तेच जड होतं. इथंच लोक फसतात. एप्रिल-मे महिन्यांत टाकीत निवांत पडून राहिलेला धातूचा तुकडा जुलैत धरणाचं ताजं पाणी आलं की सुटायला लागतो. घरात काही बदललेलं नसतं, तरी मासे मलूल होतात. म्हणून पाण्याचा जडपणा आणि सामू दाखवणाऱ्या पट्ट्या आणून ठेव आणि पाण्याचा स्रोत बदलला की लगेच तपास. शेजाऱ्याच्या टाकीत अमुक धातू पाच वर्षं चालला, हे त्याच्या पाण्याबद्दलचं वाक्य आहे. तुझ्या पाण्याला ते लागू पडेलच असं नाही.

३. तांबं आणि त्याची सगळी भावंडं बाहेर

तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपल्याला पवित्र, आरोग्याचं. माशाला मात्र घरातल्या धातूंत सर्वांत घातक तांबंच. समुद्री माशांच्या टाक्यांत रोगजंतू मारायला तांब्याचं औषध घालतात, त्याची मात्रा लिटरला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम. तेवढ्यानं मासा कसाबसा तगतो, पण त्याच टाकीतल्या कोळंब्या आणि गोगलगायी मरतात. औषध आणि विष यांत अंतर किती थोडं आहे, हे यावरून समज.

तांब्याची भावंडंही ओळखून ठेव. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. चकचकीत नळ स्टीलचा दिसतो, पण बहुतेक वेळा आत पितळ असतं आणि वर क्रोमचा मुलामा. अशा नळांच्या पितळात थोडं शिसंही मिसळलेलं असतं. नळातून पाणी घ्यायला हरकत नाही, पण रात्रभर नळीत अडकलेलं पहिलं पाणी झाडांना घाल आणि मग टाकीसाठी बादली लाव. थंडीत टाकीचं पाणी कोमट करायला बंबातलं किंवा गीझरमधलं पाणी मिसळायचा मोह होईल. बंब तांब्याचा, आणि कित्येक गीझरची टाकी किंवा आतली कांडीही तांब्याची. पाणी कोमट हवं असेल तर स्टीलच्या पातेल्यात तापवून घाल.

कल्हईवर विसंबू नकोस. कथील स्वतः फारसं त्रास देत नाही, पण कल्हई झिजते आणि खालचं पितळ उघडं पडतं. कारंज्यात पितळी गोमुख किंवा मूर्ती बसवायची हौस असेल तर त्यावरून आलेलं पाणी तळ्यात परत जाता कामा नये. पाहुणे नाणी टाकतात त्यांना हात जोडून सांग. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत, पण दहाच्या नाण्याचं पिवळं कडं तांब्याच्या मिश्रणाचं असतं. जुनी नाणी तर नकोच. पितळी तारेची घासणी काचेवर फिरवायची नाही, तिचे बारीक तुकडे तळाशी राहतात.

४. मोरचूद शेजारून येतं

गावच्या तळ्याला खरा धोका तुझ्या हातून कमी, शेजारच्या बागेतून जास्त. कोकणात आणि गोव्यात सुपारीला कोळे रोग लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि १ किलो चुना असतो. फवारा वाऱ्यानं येतो, पिंप धुतलेलं पाणी पाटातून येतं. तळ्याची जागा सुपारीच्या बागेच्या उतारावर धरू नकोस. कडेनं वीतभर उंच बांध घाल, म्हणजे बाहेरचं पाणी आत वाहून येणार नाही. फवारणीच्या दिवशी तळ्यावर ताडपत्री टाक, आणि शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेव.

शेवाळ मारायला तळ्यात मोरचूद टाक, असंही कुणी सुचवेल. मत्स्यशेतीत ते वापरतात, पण मात्रा पाण्याच्या क्षारतेवर ठरते. क्षारता लिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर मोरचूद लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. क्षारता ५० च्या खाली असेल तर वापरायचंच नाही. आपल्या विहिरीचं पाणी त्या खालच्या गटातलं आहे. शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. शेवाळ हातानं काढ, कमळाच्या पानांची सावली वाढव, खाद्य कमी टाक.

५. जस्त दिसत नाही, तेच त्याचं वाईट

जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड आपल्या घरात इतकं आहे की ते डोळ्यांत भरतच नाही. पत्रा, पन्हळ, जुनी बादली, कोंबड्यांची जाळी, बांधायची पांढरी तार, खिळे, जीआयचा पाइप. नवं असताना ते सर्वांत जास्त जस्त सोडतं. जुनं झाल्यावर पांढरी भुकटी धरतं, ती पाण्यात गेली की पुन्हा तेच.

तळं छपराच्या पागोळ्यांखाली खोदू नकोस. पावसाचं पाणी सौम्य, किंचित आंबट, आणि पत्र्यावरून येताना जस्त घेऊन येतं. कौलांवरून आलेलं पाणी त्या मानानं बरं. पत्र्याचं पाणी साठवायचंच असेल तर ते बागेला दे.

खंड्या आणि बगळे मासे उचलतात म्हणून तळ्यावर जाळी लागेल. ती नायलॉनची घे. कोंबड्यांची जाळी घातलीस तर पावसाळाभर तिच्यावरून थेंब आत गळत राहतात. कडुनिंबाची फांदी किंवा बांबू आडवा टाकून नायलॉन त्यावर ताणली की पुरे. क्लोरीन जावं म्हणून पाणी रात्रभर ठेवशील ते खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या पिंपात ठेव, जस्ताच्या बादलीत नाही. डासांसाठी आरोग्य खात्याकडून गप्पी मासे आणून हौदात सोडतात, त्या हौदावरचं झाकणही याच नजरेनं बघ. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ धरते आणि जस्त घेऊन थेंबाथेंबानं खाली पडते.

६. शिसं सोयीचं आहे म्हणूनच सगळीकडे आहे

शिसं मऊ, जड, स्वस्त. म्हणून पाण्यात काही बुडवायचं असलं की हात त्याकडेच जातो. दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतीच्या जुडीला खाली एक करडी पट्टी गुंडाळलेली असते. ती कधी शिशाची, कधी जस्ताच्या मिश्रधातूची. नखानं ओरखडा पडला, आत चकाकी दिसली आणि कागदावर घासून करडी रेघ उठली, तर शिसं समज. ते कशाचंही असो, घरी आल्याबरोबर काढून टाक. जड पाण्यात शिशावर पापुद्रा धरतो आणि वर्षानुवर्षं काही होत नाही, हे खरं आहे. पण तुझं पाणी बदलतं, आणि टाकीत लाकूड ठेवलंस की आंबटपणा वाढतो. शिवाय त्या पट्टीखाली दबलेलं देठ कुजतं, ते वेगळंच.

गळाच्या गोळ्या, जाळ्याच्या कडेची शिशाची वजनं, टायरवाल्याकडची चाक तोलायची वजनं, यांतलं काहीही तळ्यात नको. ब्रिटनमध्ये १९८७ साली गळाच्या बहुतेक मापांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली, कारण राजहंस ती खड्यांबरोबर गिळून मरत होते. तुझ्या तळ्यावर बदकं आली तर तीही तळाचे खडे गिळतातच. वाण्याची जुनी बिडाची वजनं काहीजण शोभेला टाकतात. ती उलटी करून बघ, बुडाशी खाचेत शिसं ओतून त्यावर शिक्का मारलेला असतो.

शिसं घरी वितळवू नकोस. त्याला हात लावलास तर जेवणाआधी हात साबणानं धू, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नकोस. हे तुझ्या माशांपेक्षा तुझ्या घरासाठी सांगते आहे.

७. लोखंड, जर्मन, स्टील: तिघांचे स्वभाव वेगळे

लोखंडाला लोक उगाच घाबरतात. गंजाचा लाल थर दिसायला वाईट, पण नेहमीच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड लगेच पिवळसर गाळ होऊन खाली बसतं. एक गंजका खिळा मासे मारत नाही. त्यावरचं ग्रीस, तेल किंवा रंग मात्र मारू शकतो. विहिरीच्या पाण्यातच लोह जास्त असेल तर पाणी आधी पिंपात हवा मारून निवळू दे, कारण तो बारीक गाळ कल्ल्यांवर बसतो.

जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, मधल्या सामूच्या पाण्यात शांत राहतं. पाणी फार आंबट किंवा फार अल्कधर्मी झालं की सुटायला लागतं. नव्या सिमेंटच्या हौदाचं पाणी असंच अल्कधर्मी असतं, तेव्हा तिथं जर्मन नको. हौदालाही घाई नको. दोन-तीन आठवडे भरून ठेव, अधूनमधून पाणी उपसून नवं भर, सामू उतरला की मग मासे.

धातू लागणारच असेल तर चांगलं स्टील. ३०४ नंबरचं म्हणजे आपल्या भांड्यांवर १८-८ लिहिलेलं असतं तेच, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. गोड्या पाण्याला ते पुरतं. दुकानदार चुंबक लावून दाखवेल आणि चिकटत नाही म्हणजे अस्सल, असं सांगेल. ही परीक्षा अपुरी आहे. स्वस्त २०२ नंबरच्या स्टीललाही चुंबक धरत नाही, पण ते लवकर गंजतं. स्क्रू आणि नटबोल्ट घेताना डोक्यावरचा ए२ किंवा ए४ हा शिक्का बघ. ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचं, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला जास्त टिकतं. समुद्री टाकी करायची झाली तर तिथं धातू म्हणून फक्त टायटॅनियम, नाहीतर काहीच नको.

काच पुसायच्या चुंबकाचं प्लास्टिक तडकलं की ते फेकून दे. आतल्या चुंबकावर निकेलचा मुलामा असतो, आणि तो गेला की चुंबक गंजून फुगतं.

८. दोन धातू एकत्र नको, आणि मिठाच्या दिवसांत जपून

पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीकसा विजेचा प्रवाह सुरू होतो आणि त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो. जस्ताच्या तारेनं पितळेची कडी बांधलीस, तर एकट्या तारेपेक्षा ती कितीतरी लवकर विरघळते. मासा आजारी पडला की आपण खडेमीठ घालतो. मीठ घातलं की हे सगळं वेगानं होतं, आणि ३०४ स्टीललाही बारीक छिद्रं पडू शकतात. म्हणून मीठ घालण्याआधी टाकीतला होता नव्हता तो धातू बाहेर काढ.

९. वजन हवं ना? दगड घे

धातूचा मोह वजनासाठी होतो, तर त्याचा हिशेब सांगते. पाण्यात प्रत्येक वस्तू हलकी होते. एक किलो शिसं पाण्यात साधारण ९१० ग्रॅम भरतं, एक किलो स्टील ८७५, आणि आपला काळा पाषाण ६५० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ५० ग्रॅम शिशाचं काम ७० ग्रॅम दगड करतो. वीस ग्रॅमच्या फरकासाठी विष कशाला आणायचं?

काळा दगड, नदीतला गोटा, ग्रॅनाइटचा तुकडा, काचेच्या गोट्या, बिनरंगी भाजलेलं मातीचं खापर, हे सगळं चालतं. माळ्यावर पडलेला पाटा, वरवंटा, जात्याची पाळ गावच्या तळ्यात सुरेख बसेल. साबण न लावता, कडकडीत पाण्यानं आणि काथ्यानं घासून घे. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर चुनखडीच्या जातीचे. दगडावर व्हिनेगर टाक, बुडबुडे आले तर तो पाणी जड करत राहणार. गप्पी आणि मॉलीला ते मानवतं, सौम्य पाण्याच्या माशांना नाही.

रोपांना दगडाशी सुती दोऱ्यानं बांध. मुळं धरेपर्यंत तो टिकतो आणि मग आपोआप कुजून जातो. तरंगणारं लाकूड ३०४ च्या स्क्रूनं फरशीच्या तुकड्याला जोड. स्पंजचा फिल्टर किंवा हवेची नळी वर येत असेल तर पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा धुतलेल्या वाळूनं भर, दोन्हीकडे टोपणं चिकटव आणि तो अडकव. कमळाच्या कुंडीत वर गोटे रच. चिकटवायला सिलिकॉन घेशील तर बुरशीरोधक औषध न घातलेलं घे, आणि त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत थांब. काचेच्या टाकीत मोठा दगड ठेवताना खाली प्लास्टिकची जाळी घाल, म्हणजे काचेवर एका बिंदूवर भार येणार नाही.

१०. मासे वर तोंड काढू लागले तर

पहाटेच मासे वर येत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर बहुधा प्राणवायू कमी आहे. हवेचा पंप चालू असूनही दिवसभर धापा टाकतात, अंगावर पांढरट चिकटा धरतो, पर मिटून राहतात आणि त्याआधी गोगलगायी किंवा कोळंब्या मेल्या आहेत, तर धातूचा संशय घे. आधी संशयित वस्तू काढ. मग क्लोरीन गेलेलं, त्याच तापमानाचं पाणी घालून निम्मं बदल. फिल्टरमध्ये नवा कोळसा घाल, तो काही तांबं धरतो. तांब्याच्या तपासणीचं किट दुकानात मिळतं, त्यानं खात्री कर. औषधाची बाटली मात्र घाईनं ओतू नकोस. काही औषधांत तांबंच असतं, तेव्हा लेबल वाचून मग हात लाव.

नवी वस्तू कुठलीही असो, टाकीत जाण्याआधी टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत पंधरा दिवस बुडवून ठेव. पाणी रंगलं, पांढरं झालं, तवंग आला किंवा किटनं तांबं दाखवलं, तर ती वस्तू माशांची नाही.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. दुकानात उभा असताना मनाला एकच प्रश्न विचार: हे काम दगड, काच, माती किंवा दोरा करू शकेल का? दहातल्या नऊ वेळा करू शकतो. दहाव्या वेळी ३०४ चं स्टील घे, एकटंच वापर आणि वर्षातून एकदा बाहेर काढून बघ. तांब्याचा हंडा देवघरात शोभतो, तो तिथंच राहू दे.

तुझी आत्या